काळ्या पेटीचे शिखर

मागच्या वर्षी जून महिन्यात आम्ही नवरा-बायको थोरल्या मुलाकडे स्कॉटलंडला, ग्लासगो शहरात दीड महिना राहून आलो. परतल्यावर गावात जो भेटेल तो विचारी, "काय काय पाहिलंत?" मी किल्ले सांगितले, तळी सांगितली, रात्री दहानंतर होणारी मगरिब सांगितली. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. ती इथे लिहितो आहे, कारण आपल्या कोकणातल्या पुष्कळ घरांना ती आपली वाटेल.

आधी थोडे माझ्याविषयी. चिपळूण तालुक्यात वाशिष्टीच्या खाडीकाठी आमचे गाव. १९८५ साली माझा निकाह झाला आणि १९८६ मध्ये मी पाइप फिटर म्हणून सौदी अरेबियात गेलो. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. "एवढी दोन वर्षं काढतो, मग कायमचा येतो," असे प्रत्येक सुट्टीच्या शेवटी सांगून मी निघायचो. कायमचा आलो तो २०१० साली.

ग्लासगोतल्या आमच्या मुलाला डोंगर चालण्याचा नाद लागला आहे. तिकडे हा नाद घरोघरी आहे. ह्यू मन्रो नावाच्या एका गृहस्थाने १८९१ साली स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांपेक्षा उंच शिखरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत आणि ती सगळी चढून पुरी करण्यात लोक अर्धे आयुष्य घालवतात. मुलाने हे कौतुकाने सांगितले तेव्हा आमच्या बेगमने विचारले, "लाकडं आणायची नाहीत, चुकलेली शेळी शोधायची नाही, मग वर जायचं कशाला?" मुलगा हसला. मला म्हणाला, "अब्बा, तुम्ही चला. एक डोंगर तुम्हाला दाखवायचा आहे."

शनिवारी पहाटे फजर होताच निघालो. आम्ही दोघे, मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू आणि मुलाच्या कामावरचे एक गृहस्थ. वयाने साठीकडे झुकलेले. त्यांची आजी स्काय बेटावरची. तिची भाषा गेलिक. ही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची जुनी भाषा, इंग्रजीला अजिबात न कळणारी. आजी शाळेत गेलिक बोलली म्हणून मार खाई. मग तिने आपल्या मुलांना ती शिकवलीच नाही. या नातवाने चाळिशीनंतर रात्रीच्या वर्गाला जाऊन ती शिकून घेतली. "नकाशावरची नावं वाचता यावीत म्हणून शिकलो," असे ते म्हणाले.

नावांचे महत्त्व मला वाटेतच कळू लागले. त्या मुलखात डोंगराला एक शब्द पुरत नाही. टोकदार, खडकाळ शिखर असेल तर स्गूर, गोल माथ्याची टेकडी असेल तर म्योल, खिंड म्हणजे ब्यालख, डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी खोलगट जागा म्हणजे कोर, लांब पसरलेली डोंगराची पाठ म्हणजे ड्रुइम. मला ते ऐकून नवल वाटले नाही. आपल्याकडेही सडा वेगळा, सुळका वेगळा, दांड वेगळा आणि घळ वेगळी. ज्यांना डोंगरात पाय ठेवून जगायचे असते त्यांना एवढे शब्द लागतातच.

गाडीत त्यांनी नातवाला काल्यखची गोष्ट सांगितली. काल्यख म्हणजे म्हातारी. ही म्हातारी हिवाळ्याची मालकीण. कोरीव्रेकन नावाच्या समुद्रातल्या भोवऱ्यात ती आपले घोंगडे धुते. ते पांढरेशुभ्र निघाले की डोंगरावर बर्फ पडतो. बेन क्रूखन या डोंगरावर एक झरा होता. तो सांभाळण्याचे काम तिच्याकडे. रोज संध्याकाळी झऱ्याच्या तोंडावर शिळा ठेवायची आणि सकाळी काढायची. एके दिवशी दमून तिचा डोळा लागला, शिळा ठेवायची राहिली, रात्रभर पाणी वाहत राहिले आणि खालचे खोरे बुडून लॉख ऑ हा लांबलचक तलाव झाला. आपल्याकडे वडावरच्या जिन्नाच्या गोष्टी सांगतात, तशीच ही. ते गृहस्थ ती श्रद्धा म्हणून सांगत नव्हते, आजीची आठवण म्हणून सांगत होते. नातवाने विचारले, "मग म्हातारीला कोण ओरडलं?" त्यावर सगळेच हसले.

साडेचार तासांनी आम्ही ग्लेन शील नावाच्या खोऱ्यात उतरलो. मुलुखाचे नाव किंटेल. मूळ गेलिकमध्ये अर्थ असा की, खाऱ्या पाण्याचे टोक, म्हणजे जिथे खाडी जमिनीत शिरून संपते ती जागा. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. आमचे गावही असेच, खाऱ्या पाण्याच्या टोकाला. खाडीच्या उशाशी एका रांगेत पाच शिखरे उभी आहेत. त्यांना किंटेलच्या पाच बहिणी म्हणतात.

बेगमचे गुडघे दुखतात. ती, सून आणि नातू खाली खाडीकाठी थांबले. आम्ही तिघे रस्त्यावरूनच चढायला लागलो. पहिला चढ छातीवरचा. पाचशे मीटरहून अधिक उंची एका दमात चढायची, सपाटी नावाला नाही. ओले गवत, त्याखाली चिखल आणि वारा थांबला की मिज नावाची बारीक चिलटे तोंडावर तुटून पडतात. मी दहा पावले चालायचो आणि पाच श्वास उभा राहायचो. मुलगा मागे राहून चालत होता. मी पडलो तर धरता यावे म्हणून, हे माझ्या लक्षात आले. लहानपणी त्याला सायकल शिकवताना असे मागे धावायला मी कधी नव्हतो. ते काम त्याच्या मामाने केले.

खिंडीत पोचलो आणि एकदम दोन्हीकडचे जग दिसले. डावीकडे खाली आम्ही सोडलेला रस्ता, दोऱ्यासारखा. उजवीकडे दुसरे खोरे, त्यात एकही घर नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या मुलखातली कितीतरी खोरी अशीच रिकामी झाली. जमीनदारांना मेंढ्यांसाठी कुरणे हवी होती, कुळांना उठवले गेले. काही किनाऱ्याला गेले, काही जहाजात बसून कॅनडाला. घरांचे चौथरे गवतात गेले, पण ओढ्यांची, खडकांची आणि कुरणांची नावे तीच राहिली. नकाशावर अजूनही ती गेलिकमध्येच छापतात. ती वाचणारे थोडे राहिले आहेत.

खिंडीपासून पुढे धारेवरून चालायचे. धार म्हणजे अगदी सुरीची नव्हे, पण दोन्ही बाजूंना उतार असल्यामुळे नजर पायाशीच ठेवावी लागते. वाट कधी गवतातून जाते, कधी दगडांतून. धुके येई आणि पुढचा माणूस पुसला जाई. पुन्हा वारा आला की पश्चिमेला समुद्र, त्यापलीकडे स्काय बेटाचे काळे दातेरी डोंगर दिसायचे.

पहिले उंच शिखर आले ते ९९० मीटरचे. त्याचे नाव स्पॅनिश लोकांचे शिखर. स्कॉटलंडच्या डोंगरात स्पॅनिश कुठून आले? १९ वे शतक नव्हे, त्याच्याही आधीची हकीकत. १७१९ साली ब्रिटनच्या राजाविरुद्ध बंड झाले. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने स्पेनने सैन्य पाठवले, पण मोठे आरमार वादळात विखुरले आणि इथे पोचले ते जेमतेम तीनशे सैनिक. १० जूनला खालच्या खोऱ्यात लढाई झाली. बंडखोर हरले, डोंगरातल्या टोळ्या आपापल्या घरी पांगल्या. स्पॅनिशांना जायला घरच नव्हते. ते या उतारावरून वर चढत मागे हटले आणि दुसऱ्या दिवशी शरण आले. तीनशे वर्षे झाली, परक्या मुलखात सापडलेल्या त्या माणसांचे नाव डोंगराने ठेवले आहे. मी त्या दगडांवर हात ठेवून उभा राहिलो. कंत्राटदार पळून गेल्यावर छावणीत अडकून पडलेले कामगार मी पाहिले आहेत. कुणाच्या तरी भांडणात, कुणाच्या तरी शब्दावर, समुद्रापार येऊन पडणे काय असते ते मला वेगळे सांगायला नको.

तिथून खडकांवरून हात टेकत थोडे उतरलो, पुन्हा चढलो आणि पाच बहिणींपैकी पहिलीच्या माथ्यावर पोचलो. उंची १०२७ मीटर. माथ्यावर दगडांची रास. मी नाव विचारले. गृहस्थ म्हणाले, "स्गूर ना किश्च दुय. काळ्या पेटीचं शिखर. पेटी म्हणजे ट्रंकही म्हणता येईल आणि शवपेटीही."

मी खाली बसलो. त्यांना वाटले, दमलो.

१९८६ साली चिपळूणच्या बाजारातून मी एक काळी पत्र्याची पेटी आणली होती. चामड्याची बॅग परवडणारी नव्हती. पेंटरकडून झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, जिल्हा लिहून घेतले. आईने आत मुसल्ला ठेवला, सुके बोंबील ठेवले, लोणच्याची बरणी गोणपाटात गुंडाळून ठेवली. एसटीच्या टपावर ती पेटी चढवताना बेगम दारात उभी होती. लग्नाला एक वर्षही पुरे झाले नव्हते. ती रडली नाही. मी खिडकीतून हात केला आणि वळणावर घर दिसेनासे झाले. आज इतक्या वर्षांनी, हजार मीटर उंचीवर, माझ्या पेटीच्या नावाचा डोंगर माझ्या बुडाखाली होता.

दगडांचा आडोसा पाहून मी आणि मुलाने जुहर अदा केली. किबला आग्नेयेला, म्हणजे ज्या दिशेला मी चोवीस वर्षे राबलो तिकडेच. मग शिदोरी सोडली. बेगमने चपात्या आणि सुक्या कोलंबीची चटणी दिली होती. गृहस्थांनी चटणी खाल्ली, डोळ्यांत पाणी आले तरी पुन्हा मागितली. खाता खाता त्यांनी पाच बहिणींची गोष्ट सांगितली.

किंटेलच्या सरदाराला सात मुली होत्या. एका वादळी रात्री आयर्लंडचे दोन राजपुत्र जहाज फुटून किनाऱ्याला लागले. दोन धाकट्या मुलींवर त्यांचे मन बसले. बाप म्हणाला, "थोरल्यांची लग्नं आधी, मग धाकट्यांची." राजपुत्रांनी शब्द दिला, "आम्हाला आणखी पाच भाऊ आहेत. आम्ही पोचलो की त्यांना पाठवतो." शब्दावर भरवसा ठेवून बापाने धाकट्या दोघींना निरोप दिला. जहाज गेले. पाच बहिणी किनाऱ्यावर वाट बघू लागल्या. महिने गेले, वर्षे गेली. रूप उतरू लागले. शेवटी जवळच्या खोऱ्यातल्या एका करड्या जादूगाराकडे गाऱ्हाणे गेले. त्याने त्यांना डोंगर केले, म्हणजे कितीही काळ वाट बघावी लागली तरी त्यांचे रूप जाणार नाही. त्या अजून खाडीकडे तोंड करून उभ्या आहेत.

"मग ते पाच भाऊ आले का?" मी विचारले.

"आजीनं ते सांगितलं नाही," ते म्हणाले. "गोष्ट इथंच संपते."

समोर बाकीच्या चार बहिणी एकीमागे एक उभ्या होत्या. मधली सर्वांत उंच, १०६७ मीटर. पुढे जाण्याची ताकद माझ्या पायांत नव्हती आणि खरे सांगायचे तर मनातही नव्हती. आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. उतरताना गुडघे थरथरत होते. मी एक शब्द बोललो नाही.

संध्याकाळी मुलाने गाडी खाडीच्या पलीकडच्या रटागन घाटावर नेली. तिथून पाचही बहिणी एका नजरेत दिसतात. वारा पडला होता, खाडीचे पाणी शिशासारखे स्थिर. मी बेगमला बोट करून दाखवले, "ती अगदी उजवीकडची. तिच्या माथ्यावर गेलो होतो." आणि तिला सगळी गोष्ट सांगितली, जशी ऐकली तशी. सांगताना माझा आवाज जड झाला. मनात आले होते की शेवटी म्हणावे, तूही अशीच डोंगर होऊन उभी राहिलीस. शब्द जुळवून ठेवले होते.

तिने गोष्ट ऐकून घेतली. मग म्हणाली, "बायकांची गोष्ट दिसत नाही ही. बाप्यांनी रचलेली आहे."

"का गं?"

"डोंगर व्हायला वेळ कुठे असतो? मला होता का? सासूबाईंचं अंथरूण होतं, दोन पोरं होती, भात लावायचं होतं, पोस्टात ड्राफ्ट आला का बघायचं होतं. घराची कौलं दर मेमध्ये मी शाकारून घेतली. नुसतं खाडीकडे बघत उभी राहिले असते तर तुम्ही परत आला असता कुठल्या घरात?"

सून हसू दाबत दुसरीकडे बघू लागली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "बावीस महिने."

"कसले?"

"अकरा सुट्ट्या. दोन दोन महिने. चोवीस वर्षांत तुम्ही घरात होता बावीस महिने. मी मोजले आहेत."

मी पाइपांच्या जोडण्या मोजल्या होत्या, ओव्हरटाइमचे तास मोजले होते, पाठवलेल्या पैशांचा पै-पैचा हिशेब अजूनही माझ्या डायरीत आहे. हा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

मग तिने डोंगराकडे पाहत विचारले, "आणि त्या दोघी धाकट्या? ज्या गेल्या त्या? त्यांनी तरी बहिणींना कधी निरोप पाठवला का?"

हा प्रश्न तिने मला विचारला नव्हता. मुलगा गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा होता. चार वर्षे तो गावाला आलेला नाही. तो म्हणाला, "अम्मी, हे वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी नक्की येतो."

माझ्या अंगावर काटा आला. शब्द माझे होते. आवाजही जवळजवळ माझाच.

"अगदी बापासारखं बोलतो," बेगम म्हणाली आणि नातवाचे जाकीट नीट करत गाडीत जाऊन बसली.

त्या रात्री मुक्कामावर मला झोप आली नाही. मी नेहमी समजत आलो की, वाट पाहणे म्हणजे एका जागी थांबणे, आणि जो जातो तोच काय ते करतो. ज्यांनी ती बहिणींची गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्यांनाही तसेच वाटले असावे. कदाचित ती जहाजावर गेलेल्या पुरुषांनीच सांगितली असेल, स्वतःच्या समाधानासाठी. मागे राहिलेल्या बाया जशाच्या तशा उभ्या आहेत, रूप तसेच, माया तशीच, आपण केव्हाही परतलो तरी चालेल. मीही सुट्टीवर येताना असेच घर मनात धरून येत असे. दर खेपेला काहीतरी बदललेले दिसायचे. कधी भिंतीचा रंग, कधी पोरांची उंची, कधी बेगमच्या बोलण्यातली ठामपणाची धार. तेव्हा मला राग यायचा. आपल्याला न विचारता घर पुढे गेले, असे वाटायचे.

आम्ही जुलैत परत आलो. माळ्यावरची काळी पेटी मी खाली काढली. पांढरी अक्षरे पुसट झाली आहेत, जिल्ह्याचे नाव तेवढे वाचता येते. आत बेगमचे बियाणे असते, राखेत घोळून ठेवलेले. बियाण्याच्या डब्यांखाली माझी पत्रे होती, सालवार बांधलेली. आणि ज्यांत मी आवाज भरून पाठवायचो त्या कॅसेटी. तिची पत्रे माझ्याकडे नाहीत. छावण्या बदलताना कुठेतरी गेली.

मग मी तिला म्हणालो, "माझ्या बाजूचं सगळं या पेटीत आहे. तुझं तू सांग."

आता रोज इशानंतर ओटीवर बसलो की ती एखादे वर्ष सांगते. क्रमाने नाही, आठवेल तसे. परवा २६ जुलै २००५ ची रात्र सांगितली. त्या पुराच्या वेळी मी जुबैलच्या बूथवरून तीन दिवस फोन लावत होतो. लागला तेव्हा तिने एवढेच सांगितले होते की, सगळे ठीक आहे, काळजी करू नका. मी निश्चिंत होऊन कामावर गेलो होतो.

परवा कळले की पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आले तेव्हा तिने आईला पाठुंगळी घेऊन माळ्यावर नेले. मग पोरांना. मग भाताच्या गोणी एकेक करून. शेवटच्या खेपेला पाणी कमरेला लागले होते आणि ती खाली उतरली होती ती या पेटीसाठी.

"पेटीसाठी? पत्र्याच्या?" मी विचारले.

"पेटीवर तुमचं नाव होतं ना," ती म्हणाली. "वाहून गेली असती तर सासूबाईंच्या मनाला लागलं असतं."

मुलगा डिसेंबरात येतो आहे. तिकिटे काढली आहेत, इन्शाअल्लाह. या वेळी त्याला ओटीवर बसवून ही सगळी वर्षे ऐकवायची आहेत, मी सांगून नव्हे, तिच्या तोंडून.